डिझेलच्या वासाची मेथी

धामणगाव बढ्याच्या बाजारात एका बाईनं आमच्या मायच्या अंगावर मेथीची जुडी परत फेकली, तेव्हा मी शेजारीच उभी होते. "नाकाले लाऊन पाह्य वं म्हतारे," ती म्हणाली, "भाजीले डिझल पाजतं काय?" मायनं जुडी उचलून नाकाला लावली. उरलेल्या जुड्या तिनं टोपलीत भरल्या, वरून ओलं फडकं टाकलं आणि मला म्हणाली, "चाल, जाऊ घरी." चाळीस वर्षं त्या बाजारात बसलेली बाई भरली टोपली घेऊन परत आली ती त्या एकाच दिवशी. मला त्या गिऱ्हाइकाचा राग आला नाही, तिचं खरंच होतं. राग आला तो माझ्या भावाचा, आणि तो मी पुढं वर्षभर मोठ्या निगुतीनं सांभाळला.

आमचं घर, घराला लागून रस्त्याच्या बाजूला भावाचं गॅरेज आणि गॅरेजच्या मागं मायची वाडी. वाडी म्हणजे फार मोठं काही नाही. पाच-सहा वाफे मेथीचे, दोन सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, कडेनं पालक, गॅरेज आणि वाडीच्या मध्ये तारेचं कुंपण. मी गावातल्याच हायस्कुलात विज्ञान शिकवते. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथं सांगत बसत नाही. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, दहावीला दोनदा नापास, पण ट्रॅक्टर दारात यायच्या आधी आवाजावरून त्याचं दुखणं सांगतो. लांबलांबून लोक त्याच्याकडं ट्रॅक्टर आणतात. त्याचं मायला फार कौतुक होतं. मला नव्हतं.

इंजिनातून निघालेलं जळकं ऑइल हे आमच्या गावात सगळ्या रोगांवरचं औषध आहे. उन्हाळ्यात धूळ उडू नये म्हणून गॅरेजच्या अंगणात ऑइल. कुंपणाच्या खांबांना उधई-वाळवी लागू नये म्हणून बुडाशी ऑइल. गवत माजू नये म्हणून ऑइल. एका शहाण्यानं तर म्हशीच्या खुरांना ऑइल लावलं आणि म्हैस दोन दिवस लंगडली, तरी त्याचा विश्वास काही उडाला नाही. इतकं करूनही जे उरायचं ते आमचा भाऊ कुंपणापाशी ओतायचा, कारण तिथं उतार आहे आणि माणसाला वाकावं लागत नाही. उतार वाडीकडं जातो हे कळायला काही दहावी पास व्हावं लागत नाही. मी त्याला तसं तोंडावर म्हटलं होतं, आणि एकदा नाही, पुष्कळदा.

बाजारातून परत आल्यावर मी वाडीत तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. आमच्याकडची माती मुळातच काळी, पण ही काळी चिकट आणि चकाकणारी झाली होती. पाणी आत जाईना. थेंबांचे गोळे होऊन ते वरच्या वर पळायचे. कुंपणाकडच्या वाफ्यांत गांडूळ तर सोडाच, साधी मुंगी नव्हती. दुसऱ्या दिवशी भाऊ जेवताना सहज म्हणाला, "माती मेलीच हाये तं शिमीट टाकून देतो. गाड्या धुवाले रॅम्प होते. मायनं बी आता आराम करावं." माय ताटात पाहत होती. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसली. ती वाडी गेली तर ही बाई दिवसभर करणार काय, हे त्या घरात मला एकटीलाच दिसत होतं असं मला वाटलं. मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही. दिवाळीला मेथी उगवली नाही तर खुशाल टाक सिमेंट." तो हसला. "उगव उगव," म्हणाला.

बायोचार हा शब्द मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात ऐकला होता. तालुक्याच्या कॉलेजातले एक प्राध्यापक पडद्यावर चित्रं दाखवत होते आणि तेल सांडलेली माती कोळशानं कशी सुधारते ते सांगत होते. पिकाचा वाळला कचरा कमी हवेत जाळून केलेला कोळसा, एवढाच त्याचा अर्थ. बाकीचे शिक्षक मोबाइल पाहत होते आणि प्राध्यापक स्वतःही घड्याळ पाहत होते. त्यांनी जन्मात एक चूल पेटवली नसावी, तळहात पाहून कळत होतं. पण सांगितलेलं खरं होतं. मातीत असे सूक्ष्म जीव असतात ज्यांचं जेवणच तेल. माती तेलानं गच्च झाली, हवा नाही, ओल नाही, की समोर ताट वाढलेलं असून तेही उपाशी मरतात. कोळशाला बारीक बारीक भोकं असतात. त्यात हवा राहते, ओल राहते, हे जीव तिथं बिऱ्हाड करतात आणि कोळशानं धरून ठेवलेलं तेल सावकाश खाऊन टाकतात.

पऱ्हाट्यांना आमच्याकडं तोटा नाही. कापूस वेचून झाला की त्या वाळल्या काड्या लोक शेताच्या धुऱ्यावर, बांधावर पेटवून देतात आणि आठवडाभर सगळं गाव खोकतं. मी दोन बैलगाड्या पऱ्हाट्या मागून आणल्या. वाडीच्या कोपऱ्यात वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा खणला. खाली जाळ करायचा, निखारे पांढुरके व्हायला लागले की वर नवा थर टाकायचा, असं करत खड्डा भरला की राख व्हायच्या आत पाणी मारायचं. पहिल्या खेपेला मला उशीर झाला आणि खड्डाभर राख मिळाली. कुंपणापलीकडून भावाचा आवाज आला, "ताई, भांडे घासाले लय कामाची हाये." मी वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या खेपेला माय येऊन बसली. तिनं काठीनं एक निखारा उलटला, त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "आता मार पानी." मारलं. खड्डा फुत्कारला आणि खाली काळाभोर कोळसा राहिला, हातात घेतला तर हलका, टिचकी मारली तर काचेसारखा वाजणारा. मी तो कुटून लगेच मातीत टाकायला निघाले, तर तिनं अडवलं. "कोयसा कोरडाच टाकतं काय? उपाशी पावना घरात घेतला तं तो पह्यले तुह्यंच खाते." प्राध्यापकांच्या चित्रांत हे होतं, मीच विसरले होते. मग शेण, गोमूत्र, गूळ आणि मूठभर बेसन कालवून त्यात कोळसा पंधरा दिवस भिजत घातला. त्याचा वास सगळ्या आळीत गेला आणि शेजारणी नाकाला पदर लावून चौकशीला आल्या. एकीनं विचारलं, "मास्तरीन बाई, हे खायाचं हाये का लावाचं?" अशा लोकांत मी राहते.

कोळसा मातीत मिसळला. दर चार दिवसांनी पाणी, दर आठ दिवसांनी कुदळीनं वरखाली. प्रत्येक वाफ्यात किती टाकला ते मी वहीत लिहिलं, कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या. एका संध्याकाळी भाऊ हात पुसत कुंपणाशी आला. "ताई, हे कोयसा टाकून का होते? काया मातीत काया कोयसा." मी खुंट्या मोजत होते. म्हटलं, "तुला नाही समजायचं. तू गाड्या सांभाळ." तो परत गॅरेजमध्ये गेला. कुंपणापाशी आता एक थेंब ऑइल टाकायचं नाही, एवढं मात्र मी त्याला दम भरून सांगितलं होतं आणि ते त्यानं पाळलं.

आषाढ संपता संपता मातीचा वास बदलला. आधी गॅरेजचा वास होता, मग नुसता ओलसर काही, आणि एके सकाळी मी मूठभर माती नाकाशी धरली तर मातीचा वास आला. तांब्या ओतला तर पाणी थोडं थांबलं आणि आत गेलं. मी आनंदानं ओरडले. माय आली, तिनं स्वतः तांब्या ओतून पाहिला, पुन्हा भरून आणला आणि पुन्हा ओतला. दुसऱ्या दिवशी पाहते तर तिनं मधल्या वाफ्यातली घमेलंभर माती उचलून न्हाणीमागं नेऊन ठेवलेली. मी तिच्यावर चिडले. "माझ्या मोजलेल्या प्रयोगातली माती अशी कशी उचलतेस? सगळा हिशेब चुकला माझा." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे घमेलंभर." म्हातारपणी माणसं हट्टी होतात, असं मनाशी म्हणून मी सोडून दिलं.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला टाळ्या पाहिजे होत्या. खोटं कशाला बोलू? ज्या शाळेत कोणी मला कधी विचारलं नाही, त्या शाळेत मला दाखवायचं होतं. मी प्राध्यापकांना फोटो पाठवले. त्यांनी ते आणखी कोणाला पाठवले, आणि एक दिवस निरोप आला की जिल्ह्याहून मोठे साहेब प्रयोग पाहायला येणार. माय म्हणाली, "उगू तं दे आधी. लोकायले काऊन दाखवाचं?" मी तिला प्रयोगाचं महत्त्व समजावून सांगितलं. ती ऐकत होती, म्हणजे लसूण सोलत होती.

साहेब येणार म्हटल्यावर आमचे सरपंच अंगात आल्यासारखे फिरायला लागले. या माणसानं गावची गटार पाच वर्षांत उपसली नाही, पण साहेबांसाठी शाल, नारळ, मंडप, गुलाबाची फुलं, सगळं दोन दिवसांत उभं केलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या पावडरीच्या रेघा मारल्या. ही पावडर म्हणजे टीसीएल, विहिरीच्या पाण्यातले जंतू मारायला ग्रामपंचायतीत पोत्यांनी येते ती. विहिरीत कधी पडते की नाही देव जाणे, पण कोणी मोठा माणूस यायचा म्हटलं की रस्त्यावर नक्की पडते. आमच्याकडं स्वच्छता म्हणजे पांढरी रेघ.

त्या सकाळी साहेबांना घ्यायला मी फाट्यावर गेले होते. त्यांना घेऊन वाडीपाशी आले आणि माझे पायच थांबले. वाडी पांढरी होती. नुसत्या कडा नाही, सगळी. एकेक वाफा सारखा, गुळगुळीत, पांढराशुभ्र, आणि वरून पाइपानं पाणी मारून ती पावडर आत मुरवलेली. क्लोरिनच्या वासानं डोळ्यांतून पाणी आलं. साहेब बूट घालून सरळ आत शिरले आणि म्हणाले, "वा! फारच स्वच्छ ठेवलंय हो." साहेबांबरोबर आलेले प्राध्यापक माझ्याकडं पाहत होते. त्यांना कळलं होतं, पण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

आणि मी बोलले. दोन दिवस पाठ केलेलं भाषण मी जसंच्या तसं म्हटलं. या मातीत असंख्य जीव आहेत, ते तेल खातात, ते आपल्याला दिसत नाहीत पण इथं, आपल्या पायाखाली, त्यांचं काम चालू आहे. मी मसणात उभी राहून बारशाचं भाषण करत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. साहेबांनी विचारलं, "यात युरिया किती टाकला?" मग फोटो काढले, शाल घातली आणि गाड्या निघून गेल्या. त्या शालीचा रंगसुद्धा मला आठवत नाही.

गाड्यांची धूळ बसायच्या आत मी सरपंचांना धरलं. भर मंडपात, पंधरा-वीस माणसांसमोर. "अक्कल गहाण टाकली का तुम्ही? सहा महिने मी या मातीत जीव वाढवले आणि तुम्ही तासाभरात मारून टाकले. जंतुनाशक कळतं का, जंतुनाशक?" आणखीही बरंच बोलले, ते इथं लिहीत नाही. सरपंच आधी लाल झाले आणि मग चक्क गोंधळले. "मास्तरीन बाई, वाडीत म्या नाई मारली पावडर. रस्त्यावरची माही. वाडीतली नाई."

"मी मारली."

भाऊ गॅरेजच्या दारात उभा होता. धुतलेला सदरा घातला होता, केसांना तेल लावलं होतं. आयुष्यात कधी मी त्याला सकाळी अकराला असं नीटनेटकं पाहिलं नव्हतं. "सकायी पाचले उठून मारली. पंचायतीतून पोतं मांगून आनलं. म्हटलं, ताईचं एवढं मोठं काम हाये, सायेब येऊन राह्यले, जागा चांगली दिसली पाह्यजे." तो माझ्याकडं पाहत होता आणि माझ्या तोंडावर काय होतं ते त्याला अजून समजलेलं नव्हतं. "काऊन, का झालं?"

मी त्याला काय बोलले असते ते मला ठाऊक आहे. जिभेवर सगळं तयार होतं, दहावीपासूनचं. पण ओसरीवर माय बसली होती. ती मला म्हणाली, अगदी हळू, "त्यानं इचारलं होतं तुले. तुनं सांगतलं होतं काय?"

मी घरात गेले आणि पाणी प्यायले. मला लाज वाटली. शाळेतल्या पोरांना मी हे फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. प्राध्यापकांना फोटो पाठवले. ज्या साहेबांना काही कळणार नव्हतं त्यांच्यासाठी भाषण पाठ केलं. आणि कुंपणापलीकडं रोज उभ्या असलेल्या माणसाला सांगितलं नव्हतं की या मातीत जिवंत काही आहे.

दुपारी गॅरेजमध्ये जाऊन एका टायरवर बसले आणि त्याला सांगितलं. चहा संपेपर्यंत सांगून झालं. एवढंच होतं ते, चहाभर. त्यानं कप खाली ठेवला आणि पाना उचलला. म्हणाला, "म्हंजे ते जिते होते."

"हो."

"अन मी त्यायले मारलं." त्यानं पान्यावरचं ऑइल फडक्यानं पुसलं. मग त्यानं जे विचारलं ते प्राध्यापकांनी, साहेबांनी, सरपंचांनी आणि मी कोणीच वर्षभरात विचारलं नव्हतं. "मंग हे तेल मी टाकू कुठी?"

"आता कुठं टाकतोस?"

"तू कुंपनापाशी नाई म्हटलं, तवापासून नाल्यात."

नाला बुद्धविहाराच्या मागून जातो आणि पुढं गावच्या विहिरीला वळसा घालतो. हे मला माहीत होतं. ऑइल कुठं तरी जात असणार हेही माहीत असायला हवं होतं.

तेवढ्यात माय आली. कमरेवर घमेलं होतं, न्हाणीमागचं. त्यात मेथी उगवली होती, चार बोटं उंच, दाट. "इरजन हाये," ती म्हणाली. "सारं दही कोनी खाऊन टाकते काय? वाटीभर ठेवतेच ना मानूस." मी हात पुढं केले. तिनं घमेलं माझ्या हातात दिलं नाही, भावाला दिलं. "तू मिसळ. पावडर वरची सारी खरडून काढ पह्यले, दोन-चार दिस ऊन लागू दे, मंग मिसळ. ते तुले सांगन." 'ते' म्हणजे मी. मी सांगितलं, त्यानं केलं. पुन्हा पऱ्हाट्या, पुन्हा खड्डा, पुन्हा शेणात भिजवलेला कोळसा. जाळ पाहून पाणी कधी मारायचं ते त्याला माझ्यापेक्षा लवकर जमलं. इंजिनवाला माणूस, त्याला जाळ कळतो.

दिवाळीपर्यंत रॅम्पसाठी आणलेली सिमेंटची पोती गॅरेजच्या कोपऱ्यात तशीच पडून होती. वसुबारसेच्या दिवशी त्यानं ती फोडली आणि मी वाडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. पण त्यानं वाडीकडं पाहिलंही नाही. गॅरेजच्या आत त्यानं एक ओटा बांधला, चारी बाजूंनी काठ असलेला, आणि त्यावर झाकणाचा ड्रम ठेवला. जळकं ऑइल आता त्यात जातं, आणि शुद्ध करणाऱ्या कारखान्यासाठी ते गोळा करत फिरणारा एक माणूस त्यानं स्वतःच शोधून काढला, मला न विचारता. सरपंचांची माफी मात्र मी अजून मागितलेली नाही. त्यांनी गटार उपसली की मागेन.

भाऊबीजेच्या सकाळी माय वाडीत बसली होती. एकाच वाफ्यात मेथी आली होती, विरळ, पिवळट. ती खायची नाही हे मी बजावलं होतं. मायनं चार काड्या उपटल्या, नाकाला लावल्या, मग माझ्यापुढं धरल्या. मी वास घेतला. मेथीचा होता, आणि त्याच्या मागं, थोडासा, तो दुसराही होता. "अजून येते," माय म्हणाली आणि काड्या उकिरड्याकडं फेकल्या. "पुढच्या खेपेले जाईन हा वास."

तरी उगवली होती. मी सवयीनं फोटो काढायला मोबाइल वर केला. तिनं मातीनं भरलेला हात माझ्या मोबाइलवर ठेवला.

"कोनाले बलाऊ नको," ती म्हणाली. "भावाले तेवढं बलाव. पानी द्याचं हाये."